पोट बिघडते, दोष कोणत्या पदार्थाचा?

अंगावर गांधी उठल्या, पोट बिघडले की ‘अ‍ॅलर्जीची तपासणी करून टाकू’ असे अनेकांना वाटते. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कर्नाटकातील पाहणीत २६.५ टक्के प्रौढांची अन्नाची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर बहुधा खरी अ‍ॅलर्जी निघाली अवघ्या १.२ टक्के लोकांना! नुसत्या रिपोर्टवरून मुलांचे दूध, अंडी, शेंगदाणे बंद करणे म्हणजे त्यांच्यावर अन्यायच.

त्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने संशयित पदार्थ दोन ते चार आठवडे टाळावा, रोजचे खाणे वहीत लिहावे, मग तो थोडा थोडा पुन्हा द्यावा. त्रास परतला तर दोषी सापडला.

बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीकडे नाचणीचे गोळे, म्हणजे ‘रागी मुद्दे’, नेहमीच्या जेवणातले. त्यामुळे पोळी बंद ठेवणे तिथल्या गृहिणीला जड नाही. मात्र विकतच्या नाचणी बिस्किटांत बरेचदा मैदा असतो. पाकीट वाचूनच घ्यावे. गव्हाने होणाऱ्या सीलिअ‍ॅक आजाराची रक्ततपासणी मात्र पोळी चालू असतानाच करावी, नाहीतर आजार लपून राहतो.

ज्या पदार्थाने ओठ सुजले, श्वास कोंडला, तो घरी मुळीच चाखून पाहू नये. ते काम रुग्णालयात, डॉक्टरांसमोर.