भरलेली बाटली घरी परत का येते?

विदर्भात उन्हाळ्यात माठातले पाणी दात शिवशिवतील इतके गार होते. तोच माठ उचलून कोकणात आणा, पाणी जेमतेम गार होईल. खोट माठात नसते. माठाच्या अंगातून पाझरणारे पाणी हवेत उडून जाताना आतली उष्णता सोबत नेते; पण हवाच आधी बाष्पाने भरलेली असेल तर ते उडणार कुठे? आपले शरीरही असाच एक माठ आहे. १ ग्रॅम घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. घाम न वाळता नुसताच कपाळावरून निथळला, तर शरीरातले पाणी आणि मीठ मात्र जाते, गारवा काही मिळत नाही.

म्हणूनच नागपूरचा पारा ४५ आणि रत्नागिरीचा ३४ असे ऐकून कोकणातल्या मंडळींनी निश्चिंत होऊ नये. मुंबई, रायगड, रत्नागिरी या पट्ट्यात मे महिन्यात आणि पुन्हा पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात हवा इतकी दमट असते की दोरीवरचे कपडेसुद्धा वाळायला कंटाळतात. ऑक्टोबरात तर शाळाही चालू असतात आणि सायकलीही.

सायकलची गंमत अशी की ती फसवते. चालती सायकल स्वतःचा वारा निर्माण करते, घाम थोडा वाळतो आणि ऊन फारसे जाणवत नाही. फाटकाशी उतरलो की धारा लागतात. चढणीवर याच्या उलट होते. वेग कमी, म्हणून वारा नाही आणि पायांना मेहनत दुप्पट. पाठीमागून वारा येत असेल तेव्हाही तो अंगाला लागत नाही. मुलाची वाट चढणीची असेल तर अंतर कमी असूनही पाण्याची गरज जास्त, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

पाणी किती प्यावे? सर्वांना एकच माप लावता येत नाही. उन्हात सायकल चालवणाऱ्या मोठ्या माणसाला तासाला अर्ध्या लिटरपासून दीड लिटरपर्यंत घाम येऊ शकतो. स्वतःचे माप काढायचे असेल तर तासभर फिरण्याआधी आणि नंतर अंग पुसून, हलक्या कपड्यांत वजन करा. जितके किलो कमी भरले तितके लिटर पाणी गेले. वाटेत प्यायलेले पाणी त्यात मिळवा. शाळकरी मुलांना एवढा खटाटोप नको. निघण्यापूर्वी एक पेला, अर्ध्या तासापेक्षा लांबची वाट असेल तर मध्ये सावलीत थांबून चार-सहा घोट आणि पोहोचल्यावर पुन्हा एक पेला. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे, एवढी खूण मुलांना शिकवून ठेवली की पुरे.

पाण्याचा अतिरेकही बरा नव्हे. तीन-चार तास सायकल चालवणारे तरुण केवळ साधे पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते. डोके दुखते, मळमळते, आणि ते आणखी पाणी पितात! अशा लांबच्या फेरीत मीठ-साखरेचे पाणी हवे. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर इथे चवीपुरती नसते, आतड्यातून मीठ आणि पाणी आत ओढून घ्यायला ती मदत करते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावरचे पाणी पाजून मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासवरून ४ टक्क्यांच्या आत आणले होते. तेव्हा या साध्या पाण्याला कमी लेखू नका. पाकीट आणायचे तर औषधाच्या दुकानातले, पावडरचे आणा. फळांच्या चवीची गोड पेये ओआरएस नावाने विकली जात होती. २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली.

अर्ध्या तासाच्या वाटेला मात्र साधे पाणीच पुरते. घरी आल्यावर मीठ घातलेले ताक, कोकम किंवा लिंबाचे सरबत उत्तम. लाल सरबतात साखरच फार, तहान भागल्यासारखी वाटते इतकेच. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा मधुमेहाचा त्रास असलेल्यांनी मीठ-साखरेचे डॉक्टरांना विचारावे.

रोज्यात सायकलने जाणाऱ्या मुलांचाही विचार हवा. सेहरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत लिटरभर पाणी घशाखाली उतरवून फायदा नाही, त्यातले बरेचसे लवकरच बाहेर जाते. इफ्तारपासून सेहरीपर्यंत थोडे थोडे प्यावे, सेहरीत दही, काकडी, कलिंगड असावे, पापड-लोणचे टाळावे. परतीच्या वाटेवर चढणीला सायकल हातात धरून चालावे. उन्हात अंग थरथरले, चक्कर आली, बोलणे असंबद्ध झाले तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. आजारी माणसाला रोज्याची सवलत दिलेलीच आहे, तिथे लोक काय म्हणतील हा प्रश्न नको.

आता मुलींबद्दल, कारण वर्गात मला हे रोज दिसते. सकाळी अम्मीने भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच परत जाते. विसरभोळेपणामुळे नव्हे. शाळेतले स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसते, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग चार-पाच किलोमीटर सायकल, त्यावर सिंथेटिक कापडाचा काळा बुरखा, वाळायला वाव न मिळालेला घाम. पहिल्या तासाला डोके दुखणे आणि महिन्या-दोन महिन्यांनी लघवीची जळजळ. कापड सुती, सैल आणि फिकट रंगाचे घेतले तर पडदाही राहतो आणि हवाही खेळते. पण बाटली रिकामी व्हायची तर आधी ते दार दुरुस्त व्हायला हवे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे बंधनकारक आहेत. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यातले तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. बैठकीला अब्बा एकटेच जातात आणि हा विषय त्यांच्या तोंडून निघत नाही. आईने जावे. जाण्याआधी मुलीला एकांतात तीनच गोष्टी विचाराव्यात: दाराला आतून कडी लागते का, नळाला पाणी असते का, आणि मधल्या सुट्टीत कुलूप तर नसते ना.