जुन्या मोटारीची खडखड

कला शाखेच्या वार्षिकांकात मोटारीवर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. माझे उत्तर एवढेच, की आमच्या घरात पुस्तकांची पाने आली ती माझ्या शाळेबरोबर. त्यापूर्वीची पाने होती ती नटबोल्ट फिरवण्याची. वडील, म्हणजे आमचे आण्णा, सातवीपर्यंत शिकले आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटारदुरुस्तीच्या कामाला लागले. सुटीच्या दिवशी मी तेथे बिले लिहायला बसते. बिले लिहिता लिहिता जे कानांवर पडले, तेच येथे मांडते आहे.

गिऱ्हाईक येते ते बहुधा एकच वाक्य घेऊन : "गाडी लई वाजाय लागलीया." त्यावर आण्णांचा प्रश्नही ठरलेला : "कवा वाजतीया?" केवढ्याने वाजते, हे ते विचारत नाहीत. साऱ्या निदानाचे मर्म या 'कवा'त आहे. मोटार म्हणजे पत्र्याचे खोके. एका कोपऱ्यात उठलेला आवाज पत्र्यातून सगळीकडे पसरतो आणि मागच्या चाकाचा ठोका चालवणाऱ्याला स्वतःच्या पायाखाली ऐकू येतो. म्हणून आवाज कोठून येतो, याबाबत कानावर फार विसंबू नये. तो खड्ड्यात येतो की वळणावर, ब्रेक दाबल्यावर येतो की वेग वाढवल्यावर, हे मात्र सहसा फसवत नाही.

उदाहरणासाठी मी मारुती ८०० घेते, कारण आमच्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांत तिची संख्या मोठी. १९८३ साली ती आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. म्हणजे त्यातली सर्वांत तरुण गाडीही आता दहा वर्षांपलीकडची. इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरचे. तीन सिलिंडरचे इंजिन उभ्या गाडीत थोडे थरथरतेच. ती तिची प्रकृती आहे, आजार नव्हे. थरथर एकाएकी वाढली, तर मात्र एखादा प्लग काम करीत नाही किंवा इंजिन ज्या रबरांवर बसवलेले असते ती फाटली, असे समजावे. गॅरेजमध्ये या रबरांना 'फाउंडेशन' म्हणतात.

आण्णांच्या उस्तादांचा कान अँबॅसडरवर तयार झाला होता. तिच्यात इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, म्हणून गाडीखालून एक लांब दांडा जाई. त्याचा 'क्रॉस' झिजला की क्लच सोडताच खालून 'टण्' असा आवाज येई. मारुतीत हा दांडाच नाही. पुढचीच चाके गाडी ओढतात आणि तीच वळतातही. त्यामुळे त्यांना शक्ती पोचवणाऱ्या दोन आखूड एक्सलना फिरताना वाकावेही लागते. ज्या सांध्यात ते वाकतात त्यात ग्रीस असते आणि वर रबरी टोपण असते. हे टोपण फाटले की ग्रीस उडून जाते, धूळ आत शिरते आणि पोलादी गोळ्या चर पाडू लागतात. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवली की 'टकटकटक' असे ऐकू येते. वेग वाढला की टकटकही जलद होते. सरळ रस्त्यावर बहुधा काही नाही. टोपण वेळीच बदलले तर एक्सल वाचतो. टकटक सुरू झाल्यावर नवे टोपण घालणे म्हणजे वरातीमागून घोडे.

मराठीच्या तासाला आपण अनुकरणवाचक शब्द शिकतो; परीक्षेत पाचसहा उदाहरणे लिहितो आणि विसरतो. गॅरेजमध्ये मात्र त्या शब्दांवर पोट चालते. खट्, खडखड, टकटक, घूं घूं, किरकिर, कुईं, फरफर यांतला प्रत्येक शब्द वेगळा भाग दाखवतो. 'नॉइज येतो' असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा 'कुईं करते हो' असे सांगणाऱ्या आजीबाई आण्णांना अधिक उपयोगी वाटतात. आपली भाषा या बाबतीत किती श्रीमंत आहे, हे मला वर्गापेक्षा तेथेच अधिक कळले.

एका निवृत्त गुरुजींचे उदाहरण सांगते. त्यांची गाडी खडबडीत रस्त्यावर पुढून खडखडे. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये त्यांना पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलायला लावले. पेन्शनमधले पैसे गेले, खडखड राहिली. आण्णांनी त्यांना शेजारी बसवून गाडी आधी गतिरोधकावरून सरळ नेली. दोन्ही चाके एकदम चढली, एकदम उतरली, आवाज नाही. मग एकच चाक खड्ड्यात घातले, तर खडखड! दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारी एक वाकवलेली सळई असते, तिला स्टॅबिलायझर म्हणतात. दोन्ही चाके एकत्र हलली तर तिला पीळ पडत नाही, एकच हलले की पडतो. तिला धरून ठेवणारे रबरी बुश झिजले होते. शॉकॲब्सॉर्बर खराब असते, तर गतिरोधक ओलांडल्यावर गाडी होडीसारखी झुलत राहिली असती. बुशांचे बिल मीच लिहिले. ते एका ओळीत संपले, आणि गुरुजींनी ते दोनदा वाचले.

वेगाबरोबर वाढणारी 'घूं घूं' दोन ठिकाणांहून येते : टायर किंवा चाकाचे बेअरिंग. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलला तर टायर; रस्ता बदलूनही तोच राहिला तर बेअरिंग. कोणत्या बाजूचे, हेही बहुधा कळते. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर डावे बेअरिंग गेलेले असते. ब्रेक दाबल्यावर खरखर आली तर थांबू नये, पॅड संपून लोखंडावर लोखंड घासत असते.

आता ज्याची खरी भीती बाळगावी, ते सांगते. सायलेन्सर फुटला की गाडी गल्लीभर गर्जते, आणि लोक त्याच दिवशी धावत येतात. पुढच्या चाकाला खालच्या दांड्याशी जोडणारा बॉलजॉइंट मात्र झिजताना क्वचित एखादा 'खट्' करतो, तोही ब्रेक मारताना किंवा हळू वळताना. रेडिओ लावलेला असेल तर तोही ऐकू येत नाही. तो निखळला तर चाक आडवे होते आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे. त्याची परीक्षा अशी : चाक जॅकवर उचलावे, गाडीखाली स्टँड द्यावा (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये), आणि घड्याळातल्या १२ व ६ च्या जागी धरून चाक हलवावे. खेळ जाणवला तर बॉलजॉइंट किंवा बेअरिंग. ९ व ३ च्या जागी जाणवला तर बहुधा स्टिअरिंगच्या दांड्याचे टोक.

गाडी नुसतीच दणके देते, आवाज काही नाही, अशीही तक्रार असते. तेव्हा आधी टायर पाहावेत. अनेक ठिकाणी हवा अंदाजाने ठासून भरतात. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तोच सांगावा. टायर मध्येच झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला असेल तर कमी, एकाच कडेला असेल तर अलाइनमेंट बिघडलेले. नक्षी शाबूत असूनही रबर वयाने कडक होते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : ३२१५ म्हणजे २०१५ सालचा ३२ वा आठवडा. आमच्या फाटकातून आत येणाऱ्या काही गाड्यांचे आकडे मी जाता येता वाचले आहेत. प्राध्यापक मंडळींनी आपापले वाचावेत, येथे छापत नाही.

गॅरेजला जाण्याआधी डिकीतला जॅक, पाने आणि रिकाम्या बाटल्या काढून घराजवळ एक फेरी मारावी; पुष्कळ खडखड तेथेच संपते. न संपली तर कधी, कोणत्या वेगाला, वळताना की ब्रेकला, हे कागदावर लिहून न्यावे, आणि मिस्त्रीला शेजारी बसवून त्याला आवाज ऐकवावा. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. आण्णांच्या फळीवर असाच एक काढलेला बॉलजॉइंट ठेवलेला आहे. नवा असतो तेव्हा त्याचा खुंटा हाताने हलता हलत नाही. हा दोन बोटांनी गडगड फिरतो. "अजून महिनाभर चालंल की," असे कोणी म्हटले, की आण्णा बोलत नाहीत. तो उचलून त्याच्या हातात देतात.