केसीआयचा कागद आणि पिल्लाची आई

पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेत बैल घेणारा मुरबाडचा शेतकरी आधी दात बघतो, मग खूर, मग जनावर चालवून बघतो. मालक कुठल्या गावचा, हेही विचारून घेतो. त्या शेतकऱ्याच्याच गावच्या शिवारात फार्महाऊस बांधलेला पाहुणा जर्मन शेफर्डचं पिल्लू मात्र मोबाइलवरच्या फोटोवरून ठरवतो. पैसे आधी जातात आणि पिल्लू आसनगावच्या हायवेवर गाडीतून हातात पडतं. विचारलेला प्रश्न एकच: ‘पेपर आहेत ना?’

सगळ्यात मोठा गैरसमज याच पेपरचा. केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र, म्हणजे लोकांच्या तोंडी केसीआय पेपर, ही वंशावळीची नोंद असते. ब्रीडरने नर, मादी आणि वेत यांची जी माहिती कळवली, तिच्या आधारे ती होते. आई-बापांचे खुबे धड आहेत का, मादीची किती वेतं झाली, ती कुठल्या खुराड्यात राहते, यातलं काहीही त्या कागदावरून कळत नाही. जर्मन शेफर्ड आणि लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचा सांधा सैल राहण्याचा दोष आनुवंशिक असतो. तो पिल्लात डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आई-बापांचे एक्स-रे मागायचे. ते काढलेत का, एवढं विचारलं तरी समोरचा ब्रीडर आहे की दलाल, हे बऱ्याचदा कळून जातं.

हा पेपर म्हणजे सरकारी परवानाही नव्हे. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारचे २०१७चे नियम आहेत. त्यांनुसार ब्रीडरची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे हवी. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. मादी अठरा महिन्यांची होण्याआधी किंवा आठ वर्षांची झाल्यावर पैदाशीला वापरायची नाही, आणि वर्षाला एकच वेत. विक्रीआधी पिल्लाला मायक्रोचिप लावलेली हवी. ही चिप कुत्रं कुठे आहे ते दाखवते, असं अनेकांना वाटतं. तिच्यात फक्त पंधरा आकडी क्रमांक असतो. तो रीडरवर वाचून कागदावरच्या क्रमांकाशी ताडून घ्यायचा, एवढाच तिचा उपयोग. पण तो मोठा आहे, कारण ‘पेपर मागून पाठवतो’ म्हणणाऱ्याचं पितळ तिथेच उघडं पडतं.

‘पस्तीस दिवसांचं घ्या, लळा लवकर लागतो.’ हे वाक्य विकणाऱ्याच्या सोयीचं आहे, कारण खाणं आणि लशीचा खर्च वाचतो. आई आणि भावंडांबरोबर खेळता खेळता पिल्लू कितपत जोरात चावायचं ते शिकतं. त्या आठवड्यांत उचललेलं पिल्लू पुढे घरातल्या पोरांना चावतं, आणि दोष जातीला मिळतो.

‘सगळी इंजेक्शनं झालीत’ हेही तसंच. पार्व्हो आणि डिस्टेंपरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना देतात, आणि मग तीन-चार आठवड्यांनी परत, असं साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतं. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लशीला आड येते, म्हणून एकाने भागत नाही. चाळीस दिवसांच्या पिल्लाची ‘सगळी’ इंजेक्शनं झालेली असूच शकत नाहीत. कार्डावर लशीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख आणि पशुवैद्याची सही बघा. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, तेव्हा अंगणात आधीचं पिल्लू त्याने गेलं असेल, तर नवीन आणण्याआधी डॉक्टरांशी बोला.

‘डबल कोट’, ‘हेवी बोन’ यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. जर्मन शेफर्डला दोन थरांचे केस मुळातच असतात. हस्कीबद्दल इतकंच, की एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडणाऱ्या मुरबाडमध्ये तो आणणाऱ्याने विजेचा भरवसा आधी तपासावा.

आता या भागातला खास गैरसमज: मोठं जातिवंत कुत्रं बांधलं की बिबट्या फिरकत नाही. शहापुरात तानसा अभयारण्य आहे, मुरबाडच्या डोक्यावर माळशेजचे डोंगर आहेत. बिबट्याला कुत्रं भक्ष्य म्हणूनच दिसतं. सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाला, अकोले तालुक्यात, संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात ८७ टक्के वाटा माणसाळलेल्या जनावरांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. त्यात गेटला साखळीने बांधलेला रॉटवायलर तर पळूही शकत नाही. रात्री त्याला भक्कम दाराची बंद खोली हवी.

चांगला ब्रीडर हे तुम्हाला विचारतोच. आठवडाभर फार्महाऊसवर कोण असतं, खायला कोण घालतं, रात्री कुत्रं कुठे झोपणार? पटलं नाही तर पिल्लू देत नाही. गिऱ्हाइकाला हा माज वाटतो. पण तोच माणूस घरी बोलावतो, पिल्लांबरोबर आई दाखवतो, नोंदणी क्रमांक घातलेली पावती देतो आणि उद्या सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं परत घेईन, असं लिहून देतो. आई ‘दुसऱ्या फार्मवर आहे’ असं उत्तर आलं, तर ॲडव्हान्स खिशातच ठेवा आणि गाडी वळवा.