तीनशे अंडी विरुद्ध दोन लाख

एक किलोची रोहू मादी हंगामात दोन लाखांच्या आसपास अंडी देते. पाच किलोच्या कटल्याचा हिशेब तर दहा लाखांकडे जातो. चिलापी, म्हणजे तिलापिया, एका खेपेला देते जेमतेम काहीशे. आणि तरीही 117 टीएमसीच्या उजनीत जोर आहे तो चिलापीचाच.

याचं मूळ अंड्यांच्या आकड्यात नाही, पाण्यात आहे. कटला, रोहू, मृगळ वाहत्या, पुराच्या पाण्याशिवाय अंडी घालत नाहीत. जालन्याच्या जाफराबाद तालुक्यातून जाणाऱ्या पूर्णेला पावसाळ्यात पूर येतो. पण हीच नदी पुढे येलदरीला अडवली की पाणी थबकतं. थबकलेल्या पाण्यात दोन लाख अंडी मादीच्या पोटातच राहतात. म्हणूनच 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून अंडी घालून घेतली, तेव्हा देशभर मत्स्यबीज केंद्रांची वाट मोकळी झाली. तो दिवस आजही मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात.

चिलापीला ना पूर लागतो, ना इंजेक्शन. नर तळाच्या मातीत खळगा करतो, मादी अंडी तोंडात घेते आणि पिल्लं बाहेर पडल्यावरही धोका दिसला की त्यांना पुन्हा तोंडात घेते. तीन-चार महिन्यांत ती पिल्लं स्वतः विणीला येतात. आता कागदावर एक गणित मांडू. तीनशे अंड्यांतून फक्त दहा मासे मोठे झाले, त्यातल्या पाच माद्या, आणि पिढी तीन महिन्यांची. मूळ मादी एकदाच व्याली असं धरलं तरी वर्षाअखेरीस नव्या पिढीत 625 माद्या, दोन वर्षांत 3,90,625. प्रत्यक्षात गर्दी, उपासमार, बगळे आणि जाळी हा आकडा कापतात. पण पाणी भरायला त्यातला तुकडाही पुरतो.

गर्दी झाली की आणखी एक गोष्ट घडते: चिलापी वाढायची थांबते, व्यायची नाही. तळहाताएवढे मासेही पिल्लं काढू लागतात. खायला शेवाळ, गाळ, दुसऱ्यांची अंडी, पिल्लं, काहीही चालतं. 1952 मध्ये भारतात आणलेल्या या माशाचा फैलाव थांबवा, असं तज्ज्ञांनी 1959 मध्येच सांगितलं होतं. सात वर्षं! मासे तोवर निघून गेले होते.

दुसरी बाजू खर्चाची. जायकवाडीचं पाणी भरल्यावर साधारण 35,000 हेक्टर पसरतं. हेक्टरी कटला-रोहूची 200 बोटुकली सोडायची म्हटली तरी 70 लाख पिल्लं विकत घ्यावी लागतील, दरवर्षी. चिलापीचा खर्च शून्य.

अमेरिकेत हाच प्रकार फार मोठ्या पाण्यावर घडला. जालना जिल्हा सुमारे 7,700 चौरस किलोमीटरचा. मिशिगन सरोवर 58,000 चौरस किलोमीटर, म्हणजे साडेसात जालना. त्यात 1949 साली समुद्राकडचा एलवाइफ नावाचा चिमुकला मासा दिसला. 1967 पर्यंत सरोवरातल्या माशांच्या एकूण वजनात चार-पंचमांशाहून जास्त वाटा त्याचाच झाला, आणि त्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे ढीग किनाऱ्यांवर साचले. त्याला खायला म्हणून 1966 पासून पॅसिफिकचे सॅमन सोडले होते. सॅमन फुगले, गळ टाकणाऱ्यांची रीघ लागली. पण एलवाइफच्या अंगात जीवनसत्त्व बी-1 मोडणारा विकर असतो. एलवाइफ खाऊन वाढलेल्या लेक ट्राउट या शिकारी माशाची पिल्लं बाहेर पडताच मरत. खाणाऱ्याचा वंश खाद्यच बुडवत होतं.

तरी एलवाइफ संपावा असं गळवाल्यांना वाटत नाही, जसं चिलापी संपावी असं उजनीकाठच्या भिगवणच्या मासळीबाजाराला वाटणार नाही. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात 2003-04 च्या सुमारास एलवाइफ कोसळला आणि मागोमाग सॅमनही गेले. म्हणून मिशिगनमध्ये किती सॅमन सोडायचे हे ठरवताना एलवाइफ किती उरलेत तेही पाहतात.