प्रदर्शन गोरेगावात, जेवण दादरला

गोरेगाव पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्गालगत बॉम्बे एक्झिबिशन सेंटर आहे. मुंबईकर त्याला ‘नेस्को’ म्हणतात. यंत्रे, पॅकेजिंग, अन्नप्रक्रिया अशा विषयांची व्यापारी प्रदर्शने इथे भरत असतात. सांगली, सोलापूर, जळगावहून लहान उद्योजक येतात, पाय मोडेपर्यंत हिंडतात आणि मिळेल ते खाऊन परततात. थोडी आखणी केली, तर दिवसा काम आणि संध्याकाळी मुंबईचे चांगले जेवण, दोन्ही जमते.

सुरुवात घरूनच नोंदणी करून करावी. आयोजकांच्या संकेतस्थळावर नाव आणि व्यवसाय भरला की मोबाइलवर क्यूआर कोड येतो. तो दारावर दाखवला की बॅज, म्हणजे गळ्यात अडकवायचे ओळखपत्र, मिळते. नोंदणी न करता आल्यास सकाळचा मोलाचा वेळ रांगेत जातो. बऱ्याच व्यापारी प्रदर्शनांत लहान मुलांना प्रवेश नसतो, हे कुटुंबासह निघण्याआधी पाहावे.

दिवस निवडताना शेवटचा टाळावा. त्या दुपारी स्टॉलवाले आवराआवर करू लागतात आणि निवांत बोलायला कोणी सापडत नाही.

मुक्काम शक्यतो दादरला करावा. मध्य आणि पश्चिम रेल्वे तिथे भेटतात, त्यामुळे गावाहून येणारी गाडी बहुधा सोयीची पडते. शिवाय सकाळची मोठी गर्दी चर्चगेटकडे जाणारी आणि संध्याकाळची विरारकडे जाणारी असते. आपला प्रवास दोन्ही वेळा उलट्या दिशेने होतो. गाडी रिकामी मिळेल असे नाही, पण चढता येते.

आता लोकल. आपल्याला राम मंदिर स्थानकावर उतरायचे आहे. जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मधले हे स्थानक 2016 मध्ये सुरू झाले. नवखा माणूस चुकतो तो इथेच: समोर आलेल्या विरार फास्टमध्ये चढतो आणि थेट बोरिवलीला पोचतो. फलकावर ‘एस’ म्हणजे स्लो, ‘एफ’ म्हणजे फास्ट. आपण गोरेगाव, मालाड किंवा बोरिवलीची स्लो गाडी धरावी. अंधेरी स्लो अलीकडेच संपते. पूर्वेला उतरून चालत किंवा रिक्षाने जाता येते.

आत गेल्यावर पहिल्याच रंगीत स्टॉलपाशी थांबू नये. आधी हॉलचा नकाशा घ्यावा, आठ-दहा नावांवर खूण करावी आणि तेवढे स्टॉल दुपारपर्यंत संपवावेत. उरलेल्या वेळात मोकळे फिरावे.

स्टॉलवर किमतीआधी चार गोष्टी विचाराव्यात. यंत्राला थ्री-फेज वीज लागते का? बिघडले तर आमच्या जिल्ह्यात दुरुस्तीला कोण येईल? दरात वाहतूक, जोडणी आणि जीएसटी धरले आहेत का? कच्चा माल घ्यायचा असेल, तर ‘एमओक्यू’ किती, म्हणजे किमान किती माल घ्यावाच लागेल? ‘आजच बुक करा, सवलत देतो’ म्हटले तरी आगाऊ रक्कम देऊ नये. लेखी कोटेशन, म्हणजे दरपत्रक, मागावे.

दुपारी एक ते दोन फूड कोर्टात रेटारेटी असते. बाराला किंवा अडीचनंतर हलके काहीतरी खावे. भूक संध्याकाळसाठी राखावी.

संध्याकाळी दादरला परतून पश्चिमेला शिवसेना भवनाजवळ ‘आस्वाद’ गाठावे. थालीपीठ, मिसळ, कोथिंबीर वडी असे मराठी पदार्थ तिथे मिळतात. गर्दी असली की दारात नाव लिहून घेतात. नाव न देता नुसते उभे राहिलात, तर मागून आलेले आधी आत जातील. टेबलावर अनोळखी माणूस समोर बसला तर नवल वाटू देऊ नये, ही मुंबईची रीतच आहे.

दाक्षिणात्य पदार्थ हवे असतील, तर मध्य रेल्वेने माटुंगा एकच स्टेशन पुढे आहे. ‘कॅफे मद्रास’ आणि ‘राम आश्रय’ तिथलेच. पश्चिम रेल्वेचे ‘माटुंगा रोड’ हे वेगळे स्टेशन आहे. तिथे उतरल्यास उगाच पायपीट होते. माटुंग्यातल्या काही जुन्या उपाहारगृहांना सोमवारी सुट्टी असते.

मासे खायचे असतील, तर वांद्रे पूर्वेचे ‘हायवे गोमांतक’ आहे. गुरुवारी मात्र ते बंद असते. जून-जुलैत महाराष्ट्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते. तेव्हा ताज्या माशांचे प्रकार कमी आणि दर चढे असू शकतात.

दुसऱ्या दिवशी वेळ उरला, तर मरीन लाइन्सला उतरून धोबी तलावावरचे इराणी उपाहारगृह ‘कयानी’ पाहावे. ते 1904 पासून चालू आहे. बन मस्का आणि मावा केक मागावा. तिथे रात्रीच्या जेवणाच्या बेताने न जाता दिवसाउजेडी जावे. वांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, तेव्हा टॅक्सी, बस किंवा लोकल धरावी.

परतीच्या गाडीत बसल्यावर एक काम करावे. गोळा केलेल्या प्रत्येक व्हिजिटिंग कार्डामागे काय बोलणे झाले ते दोन ओळींत लिहावे. आठवड्याभरात फोन कराल, तेव्हा समोरच्याला आठवण करून द्यायला त्या ओळी उपयोगी पडतील.