वर्गणी न भरणाऱ्याचा आवाज

केळीचा घड एकदा कापला की माल थांबत नाही. सावदा, फैजपूर, रावेरच्या पट्ट्यात कापणीची टोळी बागेत शिरते तेव्हा कामं आधीच वाटलेली असतात. एक कापतो, दुसरा डोक्यावर चुंबळ ठेवून किंवा खांद्यावर घेऊन घड बांधापर्यंत आणतो, तिसरा गाडीत थर लावतो. थर लावणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून असतं. पाल्याची गादी नीट बसली नाही, तर तळचा माल दिल्लीला पोचेपर्यंत काळा पडतो. मजुरी टोळीशी ठरते, आणि आज एक व्यापारी तर उद्या दुसरा.

अशा टोळीने एकजुटीने भाव वाढवून घेतला, तर वाढीव मजुरी कुणाला मिळते? सगळ्यांना. संघटनेची पावती फाडणाऱ्यालाही आणि न फाडणाऱ्यालाही. मग न फाडणाऱ्याकडून वर्गणी सक्तीने घ्यावी का?

अमेरिकेत या प्रश्नावर जवळजवळ ऐंशी वर्षं भांडण चाललं आहे. तिथे कारखान्यात बहुमताने निवडून आलेली युनियन सगळ्या कामगारांच्या वतीने करार करते, सभासद नसलेल्यांच्याही. म्हणून कराराचा खर्च त्यांनीही उचलावा, असं युनियनचं म्हणणं. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने प्रत्येक राज्याला अशी सक्ती बंद करण्याची मुभा दिली, आणि त्या बंदीला ‘राइट टू वर्क’ हे गोंडस नाव मिळालं. आज २६ राज्यांत ती लागू आहे. मिशिगनने २०१२ मध्ये हा कायदा केला आणि २०२३ मध्ये रद्द केला. मिझुरीत २०१८ मध्ये मतदारांनीच तो फेटाळला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने जेनस खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की सरकारी नोकराकडून अशी फी सक्तीने घेता येणार नाही, कारण ती भाषणस्वातंत्र्यावर घाला आहे. १९७७ चा स्वतःचाच निकाल न्यायालयाने त्यासाठी मोडीत काढला. कॅनडाने १९४६ मध्येच वेगळी वाट धरली होती. फोर्डच्या विंडसर कारखान्यातल्या संपानंतर न्यायमूर्ती आयव्हन रँड यांनी तोडगा दिला: सभासद व्हायची सक्ती नाही, वर्गणी मात्र सगळ्यांची कापायची.

आपल्याकडे सक्तीच्या वर्गणीचा प्रश्न या रूपात कधी उभा राहिला नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात २००१ च्या दुरुस्तीने किमान वर्गणी ठरली ती ग्रामीण कामगाराला वर्षाला १ रुपया, इतर असंघटितांना ३ रुपये आणि बाकीच्यांना १२ रुपये. पगारातून वर्गणी कापायची तर कामगाराची लेखी संमती लागे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघ मान्यता कायद्यात तर सभासद होण्यासाठी दांडगाई करणं ही अनुचित प्रथा ठरवली आहे. म्हणजे खिशाला हात लावायचा नाही, हे आपण कसोशीने पाळलं.

आवाजाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं उलट केलं, आणि मला खरी चूक तिथे दिसते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच ‘प्रातिनिधिक संघ’ मानला. त्याची निवड मतदानाने होत नसे, निबंधक सभासदसंख्या तपासून ती ठरवी. कामगाराने त्या संघाला एक पैसा दिला नाही, त्याचं तोंड पाहिलं नाही, तरी कायद्यापुढे त्याच्या वतीने तोच संघ बोलणार. अमळनेरची प्रताप मिल असो की जळगावची खानदेश मिल, कापड गिरण्यांना हा कायदा लागू होता. अमळनेरमधून १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढणारे साने गुरुजी गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला मुंबईत, या कायद्याचा पूर्वज असलेल्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप झाला, आणि डॉ. आंबेडकर त्याच्या आघाडीवर होते. पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांमागे बाहेर पडले. कायद्याच्या नजरेत मात्र त्यांचा प्रतिनिधी राष्ट्रीय मिल मजदूर संघच राहिला. कामगार एका बाजूला आणि त्यांचा अधिकृत आवाज दुसऱ्या बाजूला, अशी ती लढाई होती.

वर्गणी न भरताही माणसाचा आवाज असा हिरावून घेता येतो. वर्गणी सक्तीची असावी की ऐच्छिक, एवढ्याच वादात अडकलं की हे नजरेआड होतं. बहुमताने गुप्त मतदान केलं असेल, तर निवडून आलेल्या संघाला खर्चाचा वाटा मागायचा नैतिक हक्क आहे, असं मला वाटतं. मतदानच नसेल, तर एक रुपयाही जास्त.

असं गुप्त मतदान हे स्वप्न नव्हे. सावद्याहून जवळच असलेल्या भुसावळला रेल्वे कामगारांनी ते अनुभवलं आहे. रेल्वेने २००७ आणि २०१३ मध्ये, आणि मग मोठ्या खंडानंतर डिसेंबर २०२४ मध्ये, संघटनांच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान घेतलं. एकूण मतदारांची ३० टक्के किंवा झालेल्या मतदानाची ३५ टक्के मतं मिळाली की मान्यता. सभासद असो वा नसो, मत सगळ्यांना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघालाच एकट्याने वाटाघाटी करण्याचा हक्क आहे. तसा संघ नसेल तर २० टक्के पाठिंब्याच्या संघांची मिळून परिषद.

पण हजेरीपटच नसलेल्या माणसाने काय करायचं? घड वाहणाऱ्याचं नाव कुणाच्या हजेरीपटावर आहे? १९६९ चा माथाडी कायदा मला मोलाचा वाटतो तो यासाठी. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेल्या या कायद्याने मालक कोण, हा घोळच बाजूला ठेवला. कामगाराची नोंद मंडळात, व्यापाऱ्याचीही नोंद मंडळात. व्यापारी मजुरी मंडळात भरतो आणि तिच्यावर लेव्ही भरतो. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस. सक्ती आहे, पण ती हमालाच्या खिशावर नाही, त्याच्या घामावर धंदा करणाऱ्यावर आहे. त्यामुळे आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायला कुणाला जागाच उरत नाही.

व्यापाऱ्यांची तक्रारही ऐकली पाहिजे. माथाडीच्या नावाखाली काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्या राज्यात ठिकठिकाणी उभ्या राहिल्या. या खंडणीने खऱ्या हमालाचं नाव बदनाम झालं आणि सर्वात मोठं नुकसान त्याचंच झालं. त्यावर उपाय कायदा सैल करणं नाही. मंडळाची नोंदवही उघडी ठेवली आणि प्रत्येक टोळीतली माणसं प्रत्यक्ष मोजली, तर खोट्या टोळीला लपायला जागा राहत नाही.

आमच्या पट्ट्यातली अडचण निराळी आहे. माथाडी कायदा बाजार, गोदी आणि रेल्वेचे मालधक्के डोळ्यांपुढे ठेवून झाला. सावद्याच्या धक्क्यावर वॅगन भरणारा हमाल त्याच्या कक्षेत सहज बसतो. पण ट्रक आता थेट बांधावर जातो. कापणी तिथेच, भरणी तिथेच, हिशेबही तिथेच. मंडळाचा निरीक्षक बागेत जाणार कसा? म्हणून लेव्हीची नोंद बागेत शोधू नये, तोलकाट्यावर करावी. प्रत्येक गाडीचं वजन कुठे ना कुठे होतंच. त्याच पावतीवर व्यापाऱ्याचं नाव, टोळीचा नोंदणी क्रमांक आणि क्विंटलमागे लेव्ही लिहिली जावी, आणि ती पावती नसेल तर रेल्वेने किंवा बाजार समितीने माल पुढे जाऊ देऊ नये. लेव्हीचा दर व्यापारी, शेतकरी आणि टोळ्यांनी निवडलेले प्रतिनिधी मिळून ठरवतील. टोळ्यांचा प्रतिनिधी मात्र नोंदलेल्या प्रत्येक मजुराच्या गुप्त मतानेच यावा, त्याने कुठल्या संघटनेची पावती फाडली आहे की नाही हे न विचारता.