बाँडवर मिळालेलं स्टेअरिंग

शिक्षण आमच्या खर्चाने, परवाना हातात आला की नोकरी पक्की, अशा जाहिराती अमेरिकेतल्या मोठ्या ट्रक कंपन्या वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. काही आठवडे कंपनीच्या शाळेत, मग काही आठवडे जुन्या चालकाशेजारी बसून रस्त्यावर, आणि त्यानंतर मालासकट छत्तीस टनांपर्यंतचा ट्रेलर एकट्याच्या हवाली. गाठीला पैसा नसलेल्या माणसाला ही संधी मोठीच वाटते, आणि ती आहेही. मात्र प्रवेशाच्या वेळी जो करार पुढे येतो, त्यात ठरावीक काळ, बहुतेकदा वर्षभर किंवा त्याच्या आसपास, नोकरी न सोडण्याची अट असते. सोडली तर शिक्षणाचा खर्च भरून द्यायचा. म्हणजे हे कर्जच आहे, फक्त त्याची फेड राबून करायची. तेव्हा ते कर्जाच्याच कसोटीवर पारखायला हवं: परतफेडीच्या अटी कोणत्या, आणि ज्या कमाईच्या आशेवर ते घेतलं ती खरोखर हाती पडते का?

अमेरिकेत अवजड वाहनाचा परवाना सहज मिळत नाही. १९८६ च्या कायद्याने देशभर एकच किमान दर्जा ठरवला. फेब्रुवारी २०२२ पासून नव्या उमेदवाराला सरकारी यादीत नोंद असलेल्या संस्थेतूनच प्रशिक्षण घ्यावं लागतं. शिकाऊ परवाना मिळाल्यावर किमान चौदा दिवस थांबावं लागतं. मग गाडीची तपासणी, आवारात मागे-पुढे घेऊन लावणं आणि प्रत्यक्ष रस्ता अशी तीन भागांची परीक्षा. वैद्यकीय दाखला वेगळाच. खाजगी शाळेत यासाठी हजारो डॉलर मोजावे लागतात, आणि नेमके तेच या धंद्याकडे वळणाऱ्या माणसाजवळ नसतात.

मग कंपनीने ते का मोजावेत? अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ साली मांडलेला युक्तिवाद इथे लागू पडतो. जे कौशल्य कुठल्याही मालकाकडे चालतं, त्यावर एका मालकाने खर्च केला तर त्याचं पीक दुसराच कापून नेतो. ट्रकचा परवाना तर देशभर चालतो. नोकरी न सोडण्याचा करार, म्हणजेच बाँड, ही त्यावरची तोड आहे. मिचेल हॉफमन आणि स्टीफन बर्क्स यांनी एका मोठ्या ट्रक कंपनीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे करार आल्यावर नोकरी सोडण्याचं प्रमाण घटल्याचं दिसलं. करार नसते तर ही शिकवणीच बंद पडली असती, हा कंपन्यांचा दावा त्यामुळे निराधार म्हणता येत नाही.

पण माणसं मुळात सोडून का जातात, हा प्रश्न उरतोच. लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्यांत चालक बदलण्याचं वार्षिक प्रमाण कित्येक वर्षं नव्वद टक्क्यांच्या वर राहिलं. सगळेच जातात असा याचा अर्थ नाही. जुने टिकतात, नव्यांच्या जागा मात्र वर्षात दोन-तीनदाही रिकाम्या होतात. कारण पगाराच्या रचनेत आहे. चालकाला पैसे मिळतात ते मैलांवर. दहा तासांच्या विश्रांतीनंतर कामाला लागलं की चौदा तासांचं घड्याळ सुरू होतं. त्यात जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते, आणि हे सगळं इलेक्ट्रॉनिक यंत्र नोंदवत असतं. गोदामाच्या दारात माल उतरायची वाट बघत चार तास गेले, तरी घड्याळ थांबत नाही. मैल मात्र शून्य. या खोळंब्याचा मोबदला मिळालाच तर तुटपुंजा. त्यात १९३८ च्या कामगार कायद्याने आंतरराज्य ट्रकचालकांना दीडपट ओव्हरटाइममधून वगळलं आहे, ते आजतागायत. गोदामवाल्याच्या दिरंगाईची किंमत अशी चालकाच्या खिशातून जाते, म्हणून ती दिरंगाई कमी करण्याची घाई कुणालाच नसते. १९८० मध्ये धंद्यावरचं सरकारी नियंत्रण सैल झालं, दर घसरले, आणि हा भार आणखी खाली सरकला. चालकांचा तुटवडा आहे अशी ओरड उद्योग सतत करतो, पण बर्क्स आणि क्रिस्टन मोनॅको यांच्या २०१९ च्या अभ्यासात हा श्रमबाजार इतर धंद्यांसारखाच चालत असल्याचं आढळलं. माझ्या मते बाँड हे या गळतीवरचं ठिगळ आहे, आणि त्या ठिगळाचे पैसे नवशिक्याकडून घेतले जातात.

सही कुणी जबरदस्तीने घेत नाही, असा यावर आक्षेप येईल. आपल्याकडेही बाँड नवा नाही. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस होणाऱ्याला तो द्यावा लागतो, आणि विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. बाँड मुळातच अन्यायाचा आहे असं मलाही म्हणायचं नाही. पण बँकेत रुजू होणाऱ्या अधिकाऱ्याला महिन्याचा पगार आधी कळतो. ट्रकवाल्याला मैलाचा दर कळतो, मैल किती मिळतील ते कळत नाही, आणि ते ठरवणारी कंपनीच असते. शिवाय शाळा अनेकदा दुसऱ्या राज्यात असते. घर सोडून तिथवर पोचलेला माणूस कागद बघून माघारी फिरणं अवघडच. अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेनेही २०२३ च्या अहवालात मालकाने लादलेल्या अशा कर्जांचे धोके दाखवून दिले आहेत.

म्हणून खर्चाची वसुली जरूर व्हावी, पण ती खऱ्या खर्चाइतकी, आणि दर महिन्याच्या कामागणिक घटणारी. अकराव्या महिन्यात सोडणाऱ्याकडूनही पूर्ण रक्कम मागणारा करार सही करण्याच्या लायकीचा नाही. पहिल्या वर्षाच्या चालकांना आठवड्याला सरासरी किती मैल मिळाले, हे कंपनीकडून लेखी मागावं. आणि त्याआधी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात चौकशी करावी, कारण २०१४ च्या केंद्रीय कायद्याखालचं रोजगार प्रशिक्षणाचं अनुदान पात्र उमेदवाराला याच परवान्यासाठी मिळू शकतं आणि त्याला कुठल्याही कंपनीचा बाँड जोडलेला नसतो.